बोनस होता का, ते आधी बघा

सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई २६ वर्षांच्या, पतसंस्थेत नोकरीला. गावच्या कबड्डी मंडळावर त्यांना मोठा लेख लिहायचा आहे. बातमी नको, साहित्य म्हणून वाचला जाईल असा. गेल्या मार्चमध्ये प्रकाशझोतातल्या स्पर्धेत मंडळ अंतिम फेरीत पोचलं आणि तीन गुणांनी हरलं. एक गुण मागे असताना त्यांच्याच भावकीतला एक मुलगा चढाईला गेला, समोरच्यांनी त्याला धरलं आणि सामना संपला. ‘त्याचा हात मध्यरेषेपासून वीतभर राहिला, हे मी डोळ्यांनी पाहिलं,’ असं त्या लिहितात. तेव्हापासून गाव म्हणतं, उगाच आत घुसला, बोनस (बोनस रेषेपलीकडे पाय टेकवल्याचा एक गुण) घेऊन परतला असता तर बरोबरी झाली असती. एकदोघं पैशांचंही कुजबुजतात. मुलगा मैदानावर यायचा बंद झाला आहे. ताईंनी सामन्याची टिपणं काढली नव्हती आणि त्या स्वतः कधी खेळलेल्या नाहीत. मुंबईचा मावसभाऊ म्हणतो, ‘नुसता सामना लिहिलास तर ती बातमी होईल. थोडी कल्पना मिसळ, त्याच्या मनातलं लिही.’ असं चालतं का, मुलाचं नाव घालावं का, आणि भाषा साहित्यिक कशी करायची, हे त्यांचे प्रश्न.

ताई,

तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येतो, पण त्याआधी पत्रातला हिशेब खटकला, तो सांगतो.

संघ एका गुणाने मागे असताना चढाईपटूची पकड झाली, तर समोरच्यांना एक गुण मिळतो आणि हार होते दोन गुणांनी. तुम्ही तीन लिहिलंय. वरचा गुण आला कुठून? पहिली शक्यता अव्वल पकडीची. बचावात तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना चढाईपटूला धरलं, तर पकडीचा एक आणि वर एक असे दोन गुण मिळतात. तसं झालं असेल तर तुमचा आकडा जुळतो, पण मग गावाचं म्हणणं कोसळतं. बोनस मिळतो तो समोर किमान सहा गडी असतानाच. समोर तिघं असताना बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून तो सुखरूप परत आला असता, तरी फळ्यावर एक आकडा हलला नसता.

उलट समोर सहा-सात गडी होते असं धरलं, तर बोनसची तक्रार रास्त ठरते, पण मग तीन गुणांची हार जुळत नाही. मधे एखादा तांत्रिक गुण गेला असेल, किंवा तुम्हाला आठवते ती चढाई शेवटची नसेल आणि उरलेल्या सेकंदांत समोरचा आणखी एक गुण नेऊन गेला असेल. यांतलं काहीतरी एकच खरं आहे. गावाने वर्षभर एका पोराला बोल लावले, आणि ज्या बोनससाठी लावले तो मिळण्याजोगा होता की नाही, हे कुणी तपासलेलं दिसत नाही. ताई, तुमचा लेख इथे आहे. मावसभावाने सुचवलेली कल्पना मिसळायला या लेखात जागाच नाही, इतकं खरं मटेरियल आधीच पडून आहे.

आणखी एक गोष्ट बघायची. त्याच्या आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या का? लागोपाठ दोन चढायांत संघाला गुण मिळाला नाही, तर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो. रिकाम्या हाताने परतला तर चढाईपटू बाद. बहुतेक स्पर्धांत आता हा नियम असतो, तुमच्या स्पर्धेत होता का ते आयोजकांना विचारा. होता आणि ती तिसरी चढाई होती, तर ‘उगाच घुसला’ या शब्दांना अर्थच उरत नाही. घुसण्यावाचून त्याला दुसरा मार्ग नव्हता.

तेव्हा पहिलं काम गुणपत्रक मिळवण्याचं. ते आयोजक मंडळाकडे किंवा त्या रात्रीच्या गुणलेखकाकडे असतं. फोन करून मागू नका, समोर जा आणि कागदाचा सरळ वरून, सावली न पडता फोटो घ्या. चढत्या क्रमाने गुण, लोण (सगळा संघ बाद होणं) कधी झाले, विश्रांती कुणी कधी घेतली, हे त्यावर मिळेल. मात्र कुणी कुणाला कुठे धरलं हे गावच्या स्पर्धेच्या कागदावर मिळेलच असं नाही, तिथे तो कामाचा नाही.

त्यासाठी मोबाईलवरचे व्हिडिओ शोधा. अंतिम सामना म्हणजे निदान दहा जणांनी तरी शेवटची मिनिटं टिपली असणार. व्हॉट्सअॅपवर फिरलेला व्हिडिओ घेऊ नका. तो दाबून लहान केलेला असतो आणि नेमके हातपाय पुसट होतात. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल घ्या. दुसरं, कॅमेरा कुठे होता ते लिहून ठेवा. मागच्या रेषेकडून काढलेल्या व्हिडिओत मध्यरेषेला हात लागला की नाही हे कळतच नाही, सगळं चपटं दिसतं. रेषेच्या टोकाशी उभं राहून काढलेलाच तिथे कामाचा. तुम्ही स्वतः कुठे बसला होता? बायकांची बसायची जागा मैदानाच्या एका टोकाला असेल, तर तुमच्या ‘वीतभर’ला तुम्हीच एक प्रश्नचिन्ह लावा.

मग माणसं. ज्याला धरलं त्याच्याकडे सगळे जातात, ज्याने धरलं त्याच्याकडे कुणी जात नाही. समोरच्या संघातल्या त्या कोपरारक्षकाला आधी भेटा. तो जिंकलेला आहे, मोकळेपणाने बोलेल, आणि तुमच्या गावच्या मुलाचं काय चुकलं हे त्याला गावापेक्षा जास्त नेमकं ठाऊक असेल. मग मध्यरेषेच्या टोकांना उभे असलेले दोन पंच आणि जमलं तर सरपंच. (कबड्डीचा सरपंच, म्हणजे मुख्य पंच. ग्रामपंचायतीचा सरपंच बक्षीस समारंभात भेटतोच.) लाऊडस्पीकरवर सामना सांगणारा निवेदकही सोडू नका. त्याने त्या क्षणी जे म्हटलं तेच पुढे गावाची आठवण होऊन बसलेलं असतं. ‘बोनस घ्यायला हवा होता’ हे वाक्य पहिल्यांदा माईकवरून आलं असेल, तर नवल वाटायला नको.

मुलाकडे सगळ्यात शेवटी जा. आणि ‘तेव्हा काय वाटलं?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर खांदे उडवून मिळतं, आणि तेही बरोबरच आहे. शरीराचे प्रश्न विचारा. समोर किती जण होते? साखळी (हाताला हात धरलेले बचावपटू) कुणाची होती? पहिला हात कुणाचा लागला, घोट्याला की ढोपराला? बाकावरून कुणी काय ओरडलं? चढाईच्या ३० सेकंदांपैकी किती गेली होती हे कळत होतं का? जमलं तर दिवसा, मैदान रिकामं असताना त्याला तिथे न्या आणि चालून दाखवायला सांगा. पाय ठेवला की आठवण येते. तो खलाशी असेल तर १ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात तेव्हा भेटा. आंब्याच्या बागेत कामाला असेल तर एप्रिल-मेमध्ये त्याच्या मागे लागू नका. दिवसभर झेल्याने आंबे काढून रात्री सामने खेळणाऱ्या पोराला मुलाखतीला वेळ नसतो. (हीसुद्धा लेखात यायची गोष्ट आहे. शेवटच्या मिनिटाला त्याचे पाय कुठून थकून आले होते, हे गावाने विचारलंय का?)

आता कल्पनेचं. मावसभावाचा सल्ला वाईट हेतूचा नाही, पण त्याच्या मुळाशी एक समजूत आहे: खरं ते कोरडं आणि रचलेलं ते साहित्य. कबड्डीपुरतं तरी याच्या उलट आहे. तुमचाच ‘वीतभर’ घ्या. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा (चढाईपटूने ओलांडायची पहिली रेषा) मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असते आणि बोनस रेषा तिच्याही पुढे एक मीटर. हात लांबवून आडव्या झेपावलेल्या माणसाची घोट्यापासून बोटांपर्यंतची लांबी दोन-सव्वादोन मीटर. निदान रेषेजवळ घोटा धरला गेला असेल आणि तरी बोटं मध्यरेषेपासून वीतभरावर आली असतील, तर कुणीतरी घोट्याला लटकलेलं असताना तो मीटर-सव्वामीटर तरी ओढत आलेला आहे. आतमध्ये बोनस रेषेपाशी धरला असेल तर त्याहून एक मीटर जास्त. ते अंतर लिहा. त्याच्या मनातलं काहीही रचून लिहिलंत तरी ते या मीटर-दोन मीटरांपुढे फिकं पडेल.

मनातलं लिहायचंच तर त्याने सांगितलेलं लिहा, त्याच्या शब्दांत. ‘माका मगे कायच दिसूक नाय’ असं तो म्हणाला, तर तसंच ठेवा. त्याचं ‘त्यानंतर मला काहीच दिसलं नाही’ करू नका. उलट टोकही नको. सगळ्या लेखात मालवणी भरून गाव म्हणजे गंमत असं चित्र करणारे लेख पुष्कळ झालेत. जिथे त्याचे शब्दच हवेत, तिथे दोन-तीन वाक्यं पुरे. संवाद आठवणीवर आधारलेला असेल तर तसं सांगून टाका: ‘कर्णधाराला आठवतं ते असं’. वाचक रागावत नाही. दोघांच्या आठवणी जुळत नसतील तर दोन्ही द्या, तेच वाचनीय होतं.

अगदीच कल्पनेने लिहायचं असेल तर तोही मार्ग उघडा आहे. गाव बदला, माणसं बदला, आणि वर ‘कथा’ असं लिहा. मधला मार्ग, म्हणजे खरं गाव, खरा सामना आणि रचलेलं मन, हा मात्र घेऊ नका. तुम्ही रचलेलं एक वाक्य पकडलं गेलं की तुम्ही शोधलेली बोनसची गोष्टही कुणी खरी मानणार नाही.

स्वतः खेळला नाहीत याचं फार मनावर घेऊ नका. पण अंगाला थोडी तोशीस द्या. अंगणात चुन्याने दोन रेषा मारा, पावणेचार मीटर अंतरावर, आणि एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत ३० सेकंद वाकून पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकून बघा. विसाव्या सेकंदाला पोटऱ्या काय म्हणतात ते कळेल आणि ‘चपळाईने’ हा शब्द तुमच्या हातून सहजासहजी उतरणार नाही.

या मोसमात, भातं कापून झाली की सामने सुरू होतील, तेव्हा निदान तीन सामने वही घेऊन बघा. पहिल्यात फक्त चढाईपटूचे पाय बघा. दुसऱ्यात चेंडूच नसलेल्या या खेळात नजर कुठे जाते ते विसरून एकाच कोपरारक्षकावर डोळा ठेवा, चढाई त्याच्या बाजूला नसेल तेव्हाही. तिसऱ्यात मैदानाकडे पाठ करा आणि बाक, निवेदक, प्रेक्षक टिपा. वहीत प्रत्येक नोंदीला वेळ आणि गुणसंख्या लिहा आणि पुढे एक अक्षर: पाहिलं असेल तर ‘पा’, कुणी सांगितलं तर ‘ऐ’, तुम्हाला वाटलं तर ‘वा’. ही सवय लावली नाही तर महिन्याभराने तिन्ही एकमेकांत मिसळतात आणि ‘वाटलं’ ते ‘पाहिलं’ होऊन बसतं. शाईपेक्षा पेन्सिल बरी. रात्रीच्या दवात कागद ओलावतो आणि शाई फुटते. त्याच दवाने मॅटही निसरडी होते, फडकी घेऊन पुसणारी पोरं दिसतील. मॅटवर बुटं घालून खेळतात, मातीवर अनवाणी. तुमच्या गावचा मुलगा वर्षभर मातीवर सराव करून अंतिम सामना मॅटवर खेळला होता का, हेही विचारून ठेवा.

डावं-उजवं लिहिताना सगळे फसतात. चढाईपटूचं उजवं ते बचावाचं डावं. डावा कोपरा म्हणतात तो बचाव करणाऱ्यांच्या हिशेबाने. एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तोच धरा. दुसरी हमखास चूक राखीव क्षेत्राची, म्हणजे मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांची. स्पर्श होण्याआधी चढाईपटूने तिथे पाय टाकला तर तो बाद, पण झटापट सुरू झाल्यावर तेच क्षेत्र मैदानात धरतात. हे न समजता लिहिलं की जाणकार वाचक तिथेच लेख खाली ठेवतो.

भाषेबद्दल तुम्ही विचारलंय. समजा तुम्ही लिहिलंत:

‘अटीतटीच्या या लढतीत शेवटच्या क्षणी चढाईला गेलेल्या आमच्या ढाण्या वाघाने जिवाची बाजी लावली, परंतु नियतीच्या मनात काही वेगळेच होते.’

यात पाय नाही, हात नाही, रेषा नाही. समोर किती जण होते तेही नाही. ‘तुल्यबळ’, ‘धूळ चारली’, ‘डोळ्यांचे पारणे फेडले’ हे शब्द बातमीदाराच्या सोयीचे आहेत. सामना न बघता, फोनवर निकाल विचारूनही ते लिहिता येतात. आता हे बघा. तपशील नमुन्यापुरते आहेत, तुमचे खरे घाला:

‘समोर तिघं. दोघं हाताला हात धरून मधे, तिसरा डाव्या कोपऱ्यात, मागच्या रेषेला टाच लावून. तो निदान रेषा ओलांडून साखळीवर गेला, साखळी दोन पावलं मागे सरली. पुन्हा गेला. दुसऱ्या वेळी कोपऱ्याकडे पाठ झाली. घोटा धरला गेला तेव्हा तो मध्यरेषेकडे वळलेला होता. कोपऱ्याला तसाच ओढत निघाला आणि साखळी मागून कमरेवर पडली.’

दुसऱ्यात एकही ‘साहित्यिक’ शब्द नाही. पण कुठे चुकलं ते दिसतं, आणि चूक कशी सहज होण्यासारखी होती तेही दिसतं. क्रियापदांवर भर द्या: सरला, वळला, ओढला. विशेषणं लिहून झाल्यावर काढून टाका, बहुतेकांची आठवणही येणार नाही. आणि वेळ ताणायला घाबरू नका. तीस सेकंदांची चढाई वाचायला तीन मिनिटं लागली तरी चालतील, मात्र पूर्वार्धाची २० मिनिटं चार ओळींत उरका. सगळा सामना सारख्याच वेगाने सांगितला की तो अहवाल होतो.

सुरुवात अभिमन्यू आणि चक्रव्यूहाने करू नका, ही हात जोडून विनंती. कबड्डीवरच्या निम्म्या मराठी लेखांत तो बिचारा आत शिरतो. १९९० च्या बीजिंग आशियाई खेळांत कबड्डी आली वगैरे इतिहासही या लेखाला लागत नाही. गुणपत्रकावरच्या न जुळणाऱ्या आकड्याने सुरुवात करा आणि वाचकाला तुमच्याबरोबर शोधत न्या. नियम लागेल तिथेच, लागेल तेवढाच सांगा. अव्वल पकड काय ते तिसऱ्या परिच्छेदात दोन ओळींत येऊ द्या, वेगळी चौकट नको.

नावाचं. गावात नाव लपत नाही. ‘एक युवक’ लिहिलंत तरी वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळेल. नाव न घालणं ही सोय बाहेरच्या वाचकांपासून त्याला वाचवण्यापुरती. म्हणून खरा प्रश्न नावाचा नाही, त्याच्या संमतीचा आहे. लिहायला बसण्याआधी त्याला सांगा की तुम्ही काय तपासता आहात. भावकीतल्या आहात म्हणून त्याच्या आईमार्फत निरोप धाडू नका. मग त्याला नाही म्हणता येत नाही. तो १८ वर्षांखालचा असेल तर मात्र पालकांची परवानगी लागेलच, आणि नाव तर घालूच नका.

तो नको म्हणाला तर? मग शेवटची चढाई लेखाच्या केंद्रातून काढा. मंडळावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे: मातीचं मैदान चाळून, पाणी मारून, रोलर फिरवून कसं तयार होतं, मॅटसाठी पैसे मुंबईकर चाकरमान्यांनी कसे उभे केले आणि त्यावरून कोण कुणाशी बोलेनासं झालं, वाडीवाडीचं राजकारण संघनिवडीत कसं येतं. लेख उभा राहील. माझं मत विचाराल तर पहिला लेख जास्त मोलाचा आहे, पण त्याची किंमत देणारा तो आहे, तुम्ही नाही.

तो हो म्हणाला तर मजकूर छापायला देण्याआधी त्याच्याविषयीचे परिच्छेद त्याला वाचून दाखवा. हातात कागद देऊ नका, वाचून दाखवा. तपशील चुकला असेल तर दुरुस्त करा. ‘हे जरा चांगलं लिव’ असं तो किंवा मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, तर ऐकून घ्या आणि बदलू नका. एक गोष्ट पचवायची तयारीही ठेवा: कागद आणि व्हिडिओ बघून गावाचंच खरं निघू शकतं. समोर सहा होते, बोनस होता, आणि तो चुकला. तरीही लेख होतो, फक्त तो तुम्हाला वाटला होता तो नसेल. आणि ते त्याला तोंडावर सांगून मगच लिहावं लागेल.

पैशांची कुजबुज लेखात आणू नका. ‘असं म्हणतात’ किंवा ‘गावात चर्चा आहे’ जोडल्याने तुम्ही सुटत नाही. अफवा छापणं म्हणजे आरोप पुन्हा करणंच, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली ती अब्रुनुकसानी ठरू शकते. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याला पुरावा नाही ते वाक्य त्या मुलाच्या नावापुढे कायमचं राहील.

दिवाळी अंकाचा विचार असेल तर पावसाळ्यातच संपादकांना विचारा, श्रावण संपेपर्यंत पानं भरत आलेली असतात. आधी एका पानाचं टिपण पाठवा: गुणांचा कोणता हिशेब जुळत नाही, तुम्ही कुणाकुणाशी बोललात, कागद कोणते बघितलेत. सोबत गुणपत्रकाचा फोटो आहे एवढं लिहा. फोटो मागितल्यावर द्या, आणि मूळ व्हिडिओ फाइली फोनखेरीज आणखी एका जागी उतरवून ठेवा.